पाचव्या टेकची अदलाबदल

१

टेप तिसऱ्या मिनिटाला पोचली आणि ताईने हातातला चहाचा कप खाली ठेवला. हा टेक तो नव्हता.

स्पीकरमधून सुरुवातीला रेकॉर्डिस्टचा आवाज रीतसर आला होता, ‘संथ चाल, टेक पाच’. डब्यावर पाच लिहिलं होतं, रिळावरही पाच. चाल तीच होती आणि वाजवणारेही तेच. पण काल दुपारी एक वाजता ज्या टेकनंतर त्या खोलीत मिनिटभर कुणी खुर्चीसुद्धा सरकवली नव्हती, तो हा नव्हता. ताईने शेवटपर्यंत ऐकलं. शेवटी मास्तरांनी ट्रम्पेटवर आपली चाल आपणच पूर्ण केली, अगदी नीटनेटकी, आणि टेप संपली. काल मास्तरांनी ती चाल पूर्ण केलीच नव्हती.

ताई म्हणजे मास्तरांची मुलगी. तिला स्वतःला काही वाजवता येत नव्हतं, पण शहरातल्या जॅझ वाजवणाऱ्यांपैकी कोण कुठल्या हॉटेलात आहे, कुणाची संध्याकाळ मोकळी आहे आणि कोण कुणाशी बोलत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. चार महिने फोन करकरून तिने पाच माणसं एका खोलीत आणली होती. पियानोवाली टीचर सकाळी शाळेत शिकवायची, बासवाला छापखान्यात होता, ठोक्या नावाचा ड्रमवाला लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. बारक्या नावाचा सॅक्सोफोनवाला बोटीवर वाजवायचा आणि नऊ दिवसांसाठी जमिनीवर उतरला होता. संध्याकाळी तर प्रत्येकजण कुठे ना कुठे जेवणाऱ्या लोकांपुढे वाजवत असायचा. सगळ्यांच्या मिळून दोन सकाळी जुळल्या, कालची आणि आजची.

त्यातही आज चार वाजता मास्तरांचे पुढचे सहा दात काढायचे होते. ट्रम्पेटचं तोंड त्याच दातांवर दाबून धरायचं असतं, त्यामुळे दात गेले की ट्रम्पेट गेलं. डॉक्टरांनी दोनदा तारीख पुढे ढकलून दिली होती, आता तिसऱ्यांदा नाही म्हणाले होते. दोन वाजता रेकॉर्ड कंपनीचा माणूस येऊन रिळं घेऊन जाणार होता. मास्तरांचं म्हणून जगात जे काही राहणार होतं ते त्या पाचव्या टेकमध्ये होतं, आणि पाचवा टेक गायब होता.

“हा पाचवा नाही,” ताई म्हणाली.

रेकॉर्डिस्टने डबा पाहिला, रीळ पाहिलं आणि डब्यावर लिहिलंय म्हणजे पाचवाच, असा चेहरा केला. तो माणूस आपल्या अक्षरावर आईबापांपेक्षा जास्त विश्वास ठेवणारा. वादक मंडळींना आपण काल फार ग्रेट वाजवलं असं नेहमीच वाटतं, असंही तो म्हणाला. ताईने वाद घातला नाही. तिने टेप मागे घ्यायला लावली आणि पुन्हा कान दिला. या वेळी तिला हवं ते सापडलं. दर चार-सहा सेकंदांनी मागे कुठेतरी बारीक कुरकुर येत होती.

ती पियानोच्या पॅडलची कुरकुर होती. काल तिसऱ्या टेकनंतर ठोक्या आपल्या ड्रमच्या पॅडलला घालायच्या तेलाची बाटली घेऊन पियानोखाली शिरला होता, आणि बाहेर येताना डोकं आपटून घेऊन सगळ्यांना हसवलं होतं. चौथ्या टेकपासून पॅडल गप्प होतं. पहिला टेक बासची तार तुटून बंद पडला. दुसऱ्यात टीचरला शिंक आली. म्हणजे कुरकुर असलेला पुरा टेक एकच, तिसरा.

“कुणीतरी दोन्ही रिळांच्या सुरुवातीचे तुकडे कापून एकमेकांना जोडलेत,” ताई म्हणाली. “तुमचा ‘टेक पाच’ तिसऱ्याला लावलाय. मग खरा पाचवा तीन नंबरच्या डब्यात असायला हवा.”

आता मात्र रेकॉर्डिस्टचा चेहरा उतरला. नको असलेल्या टेकची रिळं तो पुसून पुन्हा वापरायचा. एक आणि दोन नंबर त्याने आज आल्या आल्या पुसले होते आणि आता तिसऱ्याची पाळी होती. दोघंही कपाटाकडे धावले. तीन नंबरचा डबा जागेवर होता. ताईने झाकण उघडलं.

आत रीळ नव्हतं.

२

साडेनऊला मंडळी जमली आणि आजच्या चाली सुरू झाल्या. थांबून चालणार नव्हतं, दोनच्या आत अजून तीन चाली टेपवर यायच्या होत्या. ताईने कुणाला काही सांगितलं नाही. एक टेक झाला की पुढच्याची तयारी होईपर्यंत ती एकेकाला बाजूला घ्यायची, सहज विचारल्यासारखं विचारायची आणि पुन्हा घड्याळ बघायची. तिला एका जागी बसवत नव्हतं. रेकॉर्डिस्टच्या खोलीतून वाजवायच्या खोलीत, तिथून बाहेरच्या बोळात अशा तिच्या येरझाऱ्या पाहून बासवाल्याने तिला दोनदा पाणी आणून दिलं.

काल दोन वाजता काम संपल्यावर रेकॉर्डिस्ट पाऊण तास जेवायला गेला होता. खोली उघडी, कपाट उघडं, आणि टेबलावर टेप कापायचं पातं नि जोडायची पांढरी पट्टी. बाकीचे आपापली वाद्यं आवरत होते. ताई स्वतः मास्तरांना घेऊन दातांच्या डॉक्टरांकडे तपासणीला निघाली होती.

ठोक्याला एक प्रश्न विचारला की दहा उत्तरं मिळत. ड्रम खाली न्यायला चार खेपा झाल्या, बासवाला प्रत्येक खेपेत बरोबर होता, दोघंही एकाच गाडीतून गेले, जिन्यात टीचर फोनवर कुणावर तरी रागवत होत्या, बोळात बारक्या सॅक्स पुसत बसला होता, आणि हो, मास्तर मध्येच परत वर आले होते, हे सगळं त्याने एका दमात सांगून टाकलं. बासवाल्याने त्यावर फक्त मान हलवली. दोघं एकमेकांच्या नजरेआड झालेच नव्हते, तेव्हा त्यांना ताईने बाजूला ठेवलं.

मास्तर परत वर आल्याचं मात्र ताईला ठाऊक होतं. मफलर राहिला म्हणून ते गेले होते आणि ती खाली गाडी चालू ठेवून पंधरा मिनिटं चरफडत बसली होती.

टीचरचं प्रकरण जरा सरळ दिसत होतं. पाचव्या टेकमध्ये तिचं एक बोट चुकलं होतं, आणि आणखी एक टेक घ्या म्हणून तिने काल बराच आग्रह धरला होता. ताईने ऐकलं नव्हतं. शिवाय शाळेत लागण्याआधी टीचरने आठ वर्षं रेडिओत काढली होती, टेप कापणं हा तिच्या डाव्या हाताचा मळ. ताईने आडवळणाने विचारायला सुरुवात केली, तर टीचरने चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. वर्गात पेन चोरल्याचा आळ स्वतःवरच आल्यासारखी ती आधी चकित झाली, मग चिडली.

“काय हरवलंय ते सांगा आधी,” टीचर म्हणाली. ताईने सांगितलं. त्यावर टीचर म्हणाली, “मला कापायचंच असतं तर माझा चुकलेला सूर कापला असता ना. अर्ध्या सेकंदाचं काम आहे. अख्खा टेक बदलून बारक्याचं ते वाजवणं कशाला घालवेन मी? माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं काल.”

हे पटण्यासारखं होतं, आणि त्यामुळेच ताईची पंचाईत झाली. उरले कोण, याचा विचार तिला नको होता. अकरा वाजून गेले होते.

३

“हा जोड माझा नाही,” रेकॉर्डिस्ट म्हणाला.

दुसऱ्या चालीच्या वेळी मंडळी आत सूर जुळवत होती. त्याने पाच नंबरचं रीळ हाताने सावकाश फिरवून जोडाची जागा समोर आणली. जोड बरा होता, पण घाईत केलेला. रेकॉर्डिस्टचा राग मात्र दुसऱ्याच गोष्टीवर होता. त्याने तेवढाच भाग वाजवून दाखवला. ‘संथ चाल, टेक पाच’, मग लगेच एक मोठा श्वास, आणि श्वासाला लागून मास्तरांचा पहिला सूर.

मास्तरांचा श्वास हे त्याचं कालपासूनचं दुखणं होतं. मास्तर प्रत्येक ओळीआधी तोंडाच्या कोपऱ्यातून असा घसघशीत श्वास घ्यायचे की मायक्रोफोन कितीही लांब ठेवला तरी तो ऐकू यायचाच. पहिल्या सुराआधीचा तेवढा तरी मी उडवणार, असं तो काल चारदा म्हणाला होता. हा जोड त्याचा असता तर श्वास राहिलाच नसता.

ताई त्या जोडाकडे बघत राहिली. श्वासाआधी ठोक्याने काठ्या आपटून चार मोजले होते, नेहमीच मोजायचा. ते चार ठोके इथे नव्हते. ज्याने कापलं त्याने ठोके फेकून दिले होते आणि श्वास ठेवला होता. नेमका श्वासाच्या सुरुवातीला पातं लावलं होतं. घाईत असलेला माणूस विचार करत नाही, हाताला जी जागा बरोबर वाटते तिथे कापतो.

पुढच्या मधल्या वेळात तिने सगळ्यांना एकच प्रश्न विचारला, चाल नेमकी सुरू कुठे होते. ठोक्या म्हणाला, मी मोजायला लागलो की. बासवाला म्हणाला, हा मोजायला लागला की. टीचरने पहिल्या सुराकडे बोट दाखवलं, रेडिओत तसंच शिकवतात म्हणाली. रेकॉर्डिस्टचं उत्तर ठाऊकच होतं. यांच्यातल्या एकानेही श्वासापासून कापलं नसतं. श्वासापासून चाल सुरू होते ती फक्त फुंकून वाजवणाऱ्याची.

त्या खोलीत फुंकणारे दोघंच होते. एक बारक्या होता. पण बारक्याने असं का करावं? पाचवा टेक म्हणजे त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वाजवणं होतं. शेवटच्या ओळींना मास्तर एकाएकी थांबले होते आणि बारक्याने त्यांची चाल उचलून शेवटाला नेली होती. आपलं सोनं कोण आपल्या हाताने पुसायला टाकतं?

दुसरा होता तिचा बाप. आणि थांबला होता तोच.

४

मास्तर बोळात खुर्ची टाकून बसले होते. ओठ गार पडू नये म्हणून मफलर नाकापर्यंत ओढलेला. सव्वा वाजला होता, आजची तिसरी चालही टेपवर आली होती. ताई त्यांच्यासमोर उभी राहिली आणि तिला खरोखर भीती वाटली. बाबांचा मानीपणा तिला ठाऊक होता. ओठांनी दगा दिला, चाल अर्धी सुटली आणि ती दुसऱ्याने पुरी केली, हे कायमचं ऐकवत राहणारी टेप त्यांनी नाहीशी केली असेल, तर ती शोधून काढायचा आपल्याला काय अधिकार, असंही तिच्या मनात येऊन गेलं. तरी तिने विचारलं.

“बाबा, कालचा पाचवा टेक तुम्ही बदललात का?”

मास्तरांनी मफलर खाली ओढला. काय बदललं, कशाने बदललं, हे त्यांनी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. पाचव्याच्या जागी तिसरा आहे हे कळलं तेव्हा त्यांचा आवाज चढला.

“तिसरा? तो शाळेच्या बक्षीस समारंभात वाजवल्यासारखा आहे. पाचवाच हवा मला.”

“पण त्यात तुम्ही थांबलात.”

“म्हणून तर हवा.”

याचा अर्थ ताईला लागला नाही, पण हा माणूस खोटं बोलत नाही एवढं कळलं. मग काल मफलर आणायला पंधरा मिनिटं कशी लागली, हे तिने विचारलं. मास्तर जरा ओशाळले. मफलर गळ्यातच होता, म्हणाले. ते वर गेले होते ते बारक्याशी बोलायला. तो रेकॉर्डिस्टच्या खोलीत टेबलावर वाकून पाठमोरा उभा होता, काहीतरी करत होता. मास्तर दारात उभे राहिले, शब्द जुळवत राहिले, ते काही जुळले नाहीत आणि तसेच खाली आले.

ताईने मागे वळून पाहिलं. बोळाच्या दुसऱ्या टोकाला बारक्या सॅक्सची पेटी मांडीवर घेऊन बसला होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

५

त्याला काही विचारावं लागलं नाही. त्याने पेटी उघडली, अस्तराखालून रीळ काढलं आणि ताईच्या हातात दिलं.

“आपोआप पुसलं जाईल म्हणून तिसऱ्या डब्यात ठेवलं होतं,” तो म्हणाला. “सकाळी सगळ्यांच्या आधी आलो. ते पुसलं जाताना बघवेना.”

बारक्या मुळात कमी बोलायचा, बारा वर्षांत आणखी कमी बोलायला लागला होता. त्या बारा वर्षांचं कारण ताईला ठाऊक होतं. पंचविशीतला बारक्या एका रात्री भर हॉटेलात मास्तरांची चाल चालू असताना मध्येच सॅक्स घेऊन शिरला. मास्तरांनी वाजवणं थांबवून जेवणाऱ्या लोकांदेखत त्याला फाडून खाल्लं होतं, माझ्या चालीत पाऊल टाकायचं नाही म्हणून. बारक्या तेव्हा गेला तो बोटीवरच. या दोघांना एका खोलीत आणायला ताईच्या नाकी नऊ आले होते.

“काल तुम्ही थांबलात आणि मी परत शिरलो,” बारक्या मास्तरांकडे न बघता म्हणाला. “तुमचा ओठ गेला आणि मी हात मारला. नंतर तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, पेटी बंद केलीत आणि गेलात. तुमचं शेवटचं रेकॉर्डिंग, आणि त्यात लोकांना काय ऐकू जाणार, तर हा माणूस पुन्हा घुसला.”

“ओठ गेला नव्हता,” मास्तर म्हणाले.

बारक्याने मान डोलावली. म्हाताऱ्या माणसाचं मन राखायला डोलावतात तशी. मास्तर पुन्हा म्हणाले, ओठ ठीक होता, मी आपणहून थांबलो. बारक्या हो म्हणाला. त्याचा विश्वास बसला नव्हता हे आंधळ्यालाही दिसलं असतं. ताईला दोघांच्या कानाखाली एकेक वाजवावीशी वाटली. दीड वाजायला आला होता, अर्ध्या तासात कंपनीचा माणूस दारात, आणि हे दोघं आणखी बारा वर्षं वाया घालवायच्या तयारीत.

तिने रीळ रेकॉर्डिस्टकडे नेलं आणि टेप शेवटाकडे घ्यायला सांगितली. टीचर, ठोक्या, बासवाला, सगळेच त्या अरुंद खोलीत येऊन उभे राहिले.

मास्तर वाजवत होते. प्रत्येक ओळीआधी तो घसघशीत श्वास येत होता. एक ओळ, श्वास, दुसरी ओळ, श्वास, तिसरी ओळ. मग नुसता बास आणि ड्रमवरचा ब्रश. मग एक दचकलेला, घाईघाईने घेतलेला वेगळाच श्वास आणि सॅक्सोफोन.

“पुन्हा लावा,” ताई म्हणाली. पुन्हा लावलं. “बारक्या, ओठ गेला तर काय ऐकू येतं?”

उत्तर बारक्याइतकं कुणाला माहीत असणार. ज्याचा ओठ दगा देतो त्याला ते फुंकल्यावर कळतं. आधी तो श्वास घेतो, मग फुंकतो, मग सूर फाटतो किंवा नुसती हवा निघते. इथे फाटलेला सूर नव्हता, हवा नव्हती, श्वाससुद्धा नव्हता.

“श्वासच घेतला नाही यांनी,” रेकॉर्डिस्ट म्हणाला. दोन दिवस त्या श्वासाला शिव्या देणारा माणूस आता खुर्चीतून उठून उभा राहिला होता. “पुढची ओळ वाजवायचीच नव्हती यांना.”

तिसरी ओळ संपण्याआधीच मास्तरांनी ठरवलं होतं. उरलेली चाल त्यांनी बारक्याला दिली होती. आणि बारक्याने, मास्तर बोलले नाहीत म्हणजे रागावले, असं धरून ती परत करायला अख्खा टेक पुसायला टाकला होता.

“मग बोलला का नाहीत काल?” बारक्याने विचारलं.

“बारा वर्षांपूर्वी बोललो होतो ना,” मास्तर म्हणाले. “फार बोललो होतो.”

ताईला त्या क्षणी आनंद झाला आणि हेवाही वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही. चार महिने फोन तिने केले, स्टुडिओ तिने मिळवला, डॉक्टरांच्या हातापाया ती पडली, आणि बाबांनी आपली सगळ्यात लाडकी चाल दिली ती दुसऱ्याला. तिला वाजवता येत नव्हतं हे खरं. तरी खुपलं. मग तिच्या लक्षात आलं की बाबांनी या रेकॉर्डिंगला हो म्हणताना एकच गोष्ट विचारली होती, सॅक्सवर कोण आहे. तिने बारक्याचं नाव घेतलं होतं आणि त्यांनी ते पुन्हा एकदा वदवून घेतलं होतं. तिला वाटलं होतं ते नाही म्हणणार.

रेकॉर्डिस्टने दोन्ही जोड सोडवून तुकडे आपापल्या जागी लावले. ठोक्याचे चार ठोके मात्र कचऱ्याच्या टोपलीतून शोधून काढावे लागले, आणि ते मिळेपर्यंत ठोक्या स्वतः टोपलीत डोकं घालून होता. श्वास काढू का, असं रेकॉर्डिस्टने विचारलं नाही. दोन वाजून दहा मिनिटांनी कंपनीच्या माणसाने पाच नंबरचा डबा सही करून घेतला. आत काय आहे याची त्याला कल्पना नव्हती.

६

दातांच्या डॉक्टरांकडे बारक्या आपणहून आला. संध्याकाळी त्याला एका पार्टीत वाजवायचं होतं, तिथे त्याने फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. बाकावर ताईच्या शेजारी बसून तो पाऊण तास भिंतीवरचं दातांचं चित्र वाचत होता.

मास्तर बाहेर आले तेव्हा त्यांचं तोंड कापसाने गच्च भरलेलं होतं आणि वरचा ओठ आत गेला होता. ताईने आयुष्यात पहिल्यांदा त्यांना म्हाताऱ्यासारखं पाहिलं आणि तिला रडू आलं. डॉक्टरांनी बजावलं, दोन तास अजिबात बोलायचं नाही.

गाडीत ती पुढे, ते दोघं मागे. वाहतूक तुंबलेली होती. मग बारक्याने घसा साफ केला आणि बोटीवरच्या पियानोबद्दल काहीतरी सांगायला सुरुवात केली, की समुद्र खवळला की तो कसा घसरत जातो आणि वाजवणाऱ्याला स्टूल घेऊन त्याच्या मागे जावं लागतं. मास्तरांच्या खांद्यांना हसू फुटलं, तोंडाने हसता येत नव्हतं. मग बारक्याने कप्तानाचं सांगितलं, मग एका बंदरात सॅक्स गहाण पडला त्याचं, मग बायको सोडून गेली त्याचं. ताईने आरशात पाहिलं. या माणसाला एवढं बोलताना तिने कधी ऐकलं नव्हतं.

एका चौकात गाडी थांबली तसा तोही थांबला. मी फारच बोलतोय, तुम्हाला दुखत असेल, म्हणाला.

मास्तरांनी मान हलवली. कापसामुळे शब्द निघत नव्हता, म्हणून त्यांनी बारक्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने, साथीदाराला चालीत यायची खूण करतात तशी, पुढे चल म्हणून खूण केली. बारक्या बोलायला लागला. ताईने घराकडे वळायचं वळण सोडून गाडी सरळ नेली.